उन्हाळ्याचा अंदाज आणि हातातली काडी



होळीच्या आसपास आमच्या लासुर्ण्यात पारावर एक बातमी दरवर्षी मोठ्यानं वाचली जाते. यंदाचा उन्हाळा कसा जाणार? हवामान खातं मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतं आणि कुणीतरी पेपर उघडून वाचतं, 'कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता.' त्यावर एखादे म्हातारबा हमखास विचारतात, "उन्हाळ्यात ऊन पडणार, हे सांगायला हापिस कशाला लागतंय?"

सगळे हसतात. मीही हसतो. पण हे हापिस आपल्या पुण्यातच आहे, शिवाजीनगरला. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथं आलं, म्हणून लोक त्याला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं. तिथून येणाऱ्या अंदाजात अमुक तारखेला लासुर्ण्यात किती तापेल, हे नसतं. तीन महिन्यांचा कल कुठल्या बाजूला झुकला आहे, तेवढंच असतं. नेमका इशारा चार-पाच दिवस आधी मिळतो, पिवळा, नारिंगी किंवा लाल. मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढला, की त्याला उष्णतेची लाट म्हणतात.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. हा आकडा सावलीतला असतो. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर तापमापक ठेवलेला असतो. रेडिओवर आपण ४१ अंश ऐकतो, तेव्हा उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईच्या डोक्यावरचं ऊन त्या आकड्यात आलेलं नसतं.

२०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या पाठोपाठ ३ एप्रिलपासून रमजानचे रोजे सुरू झाले. दुपारी जीभ टाळ्याला चिकटायची. पण रोजा धरणाऱ्याला ठाऊक असतं, मगरीबची अजान झाली की पाणी मिळणार आहे. माळावरच्या गवताची तशी वेळ ठरलेली नसते. त्याला मृगापर्यंत कोरडंच राहायचं असतं.

आमच्या बारामती-इंदापूरकडं बाहेरचा माणूस आला, की त्याला नीरा डाव्या कालव्याखालचा हिरवागार ऊस दिसतो. कालव्याच्या वरच्या अंगाचा माळ त्याला ओसाड वाटतो. तो ओसाड नाही. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तेही चिंकाऱ्यासाठीच ओळखलं जातं. शिवाय हा माळ धनगरांच्या मेंढरांचं पोट आहे. फेब्रुवारी सरता सरता त्यातलं गवत काडीसारखं वाळतं. म्हणून वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतं आणि त्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवताचे पट्टे मोकळे करतं.

ऊन गवत वाळवतं, पण आमच्याकडं ते सहसा पेटवत नाही. पेटवतो माणूस. कुणी विडी टाकतं. कुणी 'जाळलं की नवं गवत जोमानं येतं' या समजुतीनं काडी ओढतं. आणि कुणी माझ्यासारखा असतो.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बी.ए. होऊन गावात राहिलो होतो, कविता छापून येऊ लागल्या होत्या. चैत्रातली दुपार. ऊस कारखान्याला गेला होता आणि खोडव्याला पाणी द्यायची मला घाई होती. अब्बा म्हणाले, "वारा पडू दे, मग बघू." मी ऐकलं नाही. बाराच्या सुमारास पाचट पेटवलं. घटकाभरात वावटळ उठली, तिनं जळतं पाचट उचललं आणि बांधापलीकडच्या माळावर नेऊन टाकलं. ओली पोती आणि लिंबाचे डहाळे घेऊन आम्ही दिवस मावळेपर्यंत झोडपत होतो. माळ काळा झाला. रात्री एक टिटवी त्या राखेवर घिरट्या घालत ओरडत राहिली.

दुसऱ्या दिवशी एक धनगर आजी बांधावर आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाबा, तुजा ऊस पानी दिलं की फुटंल. माज्या मेंढरांनी पाऊस पडंस्तवर काय खायाचं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अब्बांनी भुईमुगाच्या पाल्यानं बैलगाडी भरली आणि म्हणाले, "तूच नेऊन दे." तोवर 'वणवा' हा शब्द मी विरहाच्या कवितेत खुशाल वापरत असे. त्यानंतर तो तसा वापरता आला नाही.

आज पाचट जाळायची गरज उरलेली नाही. एका हेक्टरातून आठ ते दहा टन पाचट निघतं. त्याची कुट्टी करून सरीत पसरली, तर ओल टिकते, तण कमी होतं आणि कुजल्यावर जमिनीला खत मिळतं. जाळलं तर त्यातला नत्र धुरातून जातो. आता उपग्रहही आग टिपतात आणि वनखात्याला कळवतात. पण वाळलं गवत तेवढा वेळ देत नाही. माळावर धूर दिसला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करावा.

यंदाही पारावर अंदाज वाचला जाईल. म्हातारबा पुन्हा विचारतील, हापिस कशाला लागतंय? तेव्हा मी सांगेन, "बाबा, काडी कुठल्या दिवशी ओढायची नाही, हे आपल्याला आधी कळावं म्हणून."