यंत्राचे मरण कोणी ठरवायचे?



संगणकाच्या प्रश्नाकडे पाहण्याची एक सवय आपल्याकडे रूढ झाली आहे. संगणक असलेली माणसे एका बाजूला, नसलेली दुसऱ्या बाजूला आणि मधल्या दरीवर दानाचा पूल. मोठ्या कचेऱ्या काही वर्षे वापरलेली यंत्रे काढून टाकतात, एखादी संस्था ती गरीब वस्तीतील शाळेला देते, समारंभ होतो, छायाचित्र निघते आणि पुढे ती यंत्रे कापडाखाली धूळ खात पडतात. देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मालकीचा. यंत्र दिले गेले; पण ते उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि आपल्या गरजेनुसार चालवण्याचा अधिकार त्याबरोबर दिला गेला काय?

संगणक म्हणजे केवळ लोखंड आणि प्लास्टिक नव्हे. त्याला चालवणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, नसेल तर तो निर्जीव खोका आहे. ही आज्ञावली बहुधा विकत मिळत नाही. मिळतो तो तिच्या वापराचा परवाना. तिच्या अंतरंगात डोकावण्याची मुभा ग्राहकाला नसते. म्हणून यंत्राचे मरण झिजेने ठरत नाही, ते कंपनीच्या वेळापत्रकाने ठरते.

याचे ताजे उदाहरण सर्वांसमोर आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. पैसे भरून वा काही अटींवर थोडी मुदतवाढ ठेवली, एवढेच. तिच्या जागी आलेली विंडोज ११ मात्र सुरक्षेची विशिष्ट सोय आणि साधारणतः २०१८ नंतरचा प्रोसेसर असल्याखेरीज अधिकृतपणे चालत नाही. परिणामी, काल उत्तम चालणारी असंख्य यंत्रे आज एकाएकी 'जुनी' ठरली. त्यांच्यातील एकही भाग मोडलेला नाही.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील दिवे बनवणाऱ्या कंपन्यांनी 'फीबस' या नावाने संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले होते. १९३२ साली, महामंदीच्या ऐन काळात, बर्नार्ड लंडन या अमेरिकी गृहस्थाने तर वस्तूंचे आयुष्य कायद्याने ठरवून मुदतीनंतर त्या नष्ट कराव्यात, म्हणजे मागणी वाढेल, अशी पुस्तिकाच लिहिली. कायदा झाला नाही. तथापि बाजाराने ती कल्पना आपल्या परीने आत्मसात केली. उपयोगमूल्य शिल्लक असताना विनिमयमूल्य मारून टाकायचे, हे तिचे सार आहे.

या व्यवस्थेला पर्याय आहे, आणि तो प्रत्यक्षात आलेला आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणालाही वापरता यावी, अभ्यासता यावी, बदलता यावी आणि इतरांना देता यावी, हे त्याचे सूत्र. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो त्याच मुक्त परवान्याखाली आणला. जुन्या यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली चढवली की ते अनेकदा आणखी काही वर्षे काम देते, आणि परवान्यासाठी छदामही मोजावा लागत नाही.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात २००० साली 'फ्री गीक' ही संस्था निघाली. तिची कार्यपद्धती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. लोक आणि कचेऱ्या आपली जुनी यंत्रे तिथे आणून देत. प्रथम डिस्कवरील माहिती कायमची पुसली जाई. मग मेमरी, डिस्क, वीजपुरवठ्याचा भाग यांची एकेक करून तपासणी होई. चार नादुरुस्त यंत्रांतील चांगले भाग काढून एक धडधाकट यंत्र उभे राही, त्यावर मुक्त प्रणाली चढे, आणि जे खरोखरच निकामी ते सुटे करून पुनर्चक्रणाकडे जाई. पण खरे महत्त्व पुढे आहे. संगणक हवा असलेल्या माणसाने तिथे चोवीस तास काम करावे आणि एक यंत्र घरी न्यावे, अशी योजना होती. दुसऱ्या योजनेत पाच यंत्रे जोडून द्यायची आणि सहावे आपले. घरी जाणारा माणूस याचक म्हणून जात नसे. यंत्राच्या पोटात काय असते हे त्याने पाहिलेले असे. ते बिघडले तर घाबरण्याचे त्याला कारण नसे. दान आणि सहकार यांतील फरक तो हाच.

यावर आक्षेप आहेत, आणि ते टाळून चालणार नाही. गरिबाने श्रीमंताचे उष्टेच का घ्यावे, हा पहिला. आक्षेप रास्त आहे. जुने यंत्र हे सरकारने आपली जबाबदारी झटकण्याचे निमित्त होता कामा नये. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे चार आणि शहरातील सुमारे तेवीस कुटुंबांकडे संगणक आढळला. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा या आकड्यांचा अर्थ असंख्य घरांना कळला. एका मोबाइलभोवती तीन भावंडांचे शिक्षण फिरत होते. ही तूट केवळ दुरुस्तीने भरणार नाही. परंतु चालू शकणारे यंत्र भंगारात घालून नव्याची वाट पाहत बसणे, हा काही स्वाभिमान नव्हे.

दुसरा आक्षेप असा की नोकरीत जी प्रणाली लागते तीच मुलांना शिकवावी. याचे उत्तर केरळने दिले आहे. तेथील सरकारी शाळांचे संगणकशिक्षण वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालले आहे आणि राज्याची यंत्रणा शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली सिद्ध करते. लिहिणे, हिशेब मांडणे, विचारपूर्वक शोध घेणे ही कौशल्ये कोणा कंपनीची मिरास नाहीत. कचेरीच्या नेहमीच्या कामासाठीचे 'लिबरऑफिस' तर मराठीतूनही वापरता येते.

तिसरा आक्षेप श्रमाचा. स्वयंसेवकांच्या फुकट श्रमावर किती काळ भिस्त ठेवायची? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याचा चौथा हिस्साही रीतसर गोळा झाला नाही. उरलेल्यापैकी पुष्कळसा दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला जातो. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नूतनीकरण करणाऱ्यांना स्थान आहे. पण कागदावरचे स्थान भंगारवाल्यापर्यंत आणि लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिरापर्यंत पोहोचले पाहिजे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभारून दाखवली. कचऱ्यात राबणारा माणूस हा कामगार आहे, हे तिने मान्य करायला लावले. तीच दृष्टी इथे हवी.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सरकारी कचेऱ्या, महापालिका, बँका आणि विद्यापीठे यांची काढून टाकलेली यंत्रे घाऊक भंगारात न घालता, माहिती पुसून, जिल्ह्याच्या सार्वजनिक कार्यशाळेकडे द्यावीत. तिथे तरुणांना आणि कचरावेचकांना वेतनावर शिकवून काम द्यावे. यंत्र नेणाऱ्या कुटुंबातील एकाने तरी ते उघडून जोडायला शिकावे. आणि सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम असावा.

घरात आलेले यंत्र उद्या बंद पडेल तेव्हा त्या घरातील मुलगी काय करील, यावर या सगळ्याची कसोटी आहे. तिने दुसऱ्या दात्याची वाट पाहिली, तर दान झाले. तिने पेचकस हाती घेतला, तर काही बदलले.