नक्कल, अस्सल आणि मालेगावचा सिनेमा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



तालिमीच्या व्यासपीठावर सिनेमाची गोष्ट काढलेली काही बुजुर्गांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ती माणसे आपल्यातलीच आहेत. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद, आणि सुट्टी मिळालेल्या कामगाराची पावले सिनेमाकडे. तिथे शेख नासिर नावाचे एक तरुण व्हिडिओ पार्लर चालवीत. दुसऱ्यांचे सिनेमे दाखविता दाखविता त्यांच्या मनाने घेतले की आपणच एक काढावा. 2000 सालच्या सुमारास त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे 50 हजार रुपये!

कोणी म्हणेल, ही तर उघड नक्कल. आहेच. पण यातले डाकू घोड्यांवरून नव्हे, सायकलींवरून येतात. घोडे परवडत नव्हते हे खरे. परंतु सायकली पडद्यावर आल्या आणि रामगढ नाहीसे होऊन तिथे मालेगाव उभे राहिले. बोली गावची, नट गावचे. कॅमेरा सरकवायला सायकल आणि उंच न्यायला बैलगाडी. बैल सोडलेल्या गाडीचे एक टोक दाबले की दुसरे वर जाते, हे आपल्याकडच्या पोराला शिकवावे लागत नाही.

आणि नक्कल कोणी केली नाही? 1975 च्या 'शोले'वर कुरोसावांच्या 'सेव्हन समुराई'ची छाया आहेच. याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ख्रिस्तचरित्राचा विलायती चित्रपट पाहून भारावले, 1912 साली लंडनला जाऊन विद्या व कॅमेरा घेऊन आले, आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. यंत्र परक्याचे, कल्पनाही परक्याची पाहून सुचलेली. कथा मात्र इथली. माझ्या मते अस्सलपणा शोधायचा तो इथे. आधी कोणी केले नव्हते ना, एवढेच विचारून तो सापडत नाही.

धंद्याचे गणित मात्र कलावंताला फारसे साधत नाही. फाळक्यांनी घरातले दागिने गहाण टाकले. पुढे भांडवलदारांबरोबर कंपनी काढली, मतभेद झाले आणि ते काशीला निघून गेले. 1944 मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले ते हलाखीत. मालेगावकरांची गोष्ट निराळी, तरी तीत दुःख आहेच. नासिर यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये शफीक हा किडकिडीत यंत्रमाग कामगार सुपरमॅन झाला. चित्रीकरण चालू असताना लग्नासाठी रजा घेणारा सुपरमॅन जगात दुसरा नसेल! फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर माहितीपट केला. जून 2012 मध्ये तो चित्रपटगृहांत लागला तेव्हा शफीक हयात नव्हता. तोंडाच्या कर्करोगाने तो तरुणपणीच गेला. मुलांनो, त्या रोगाची पुडी पानटपरीवर मिळते, तेवढे ध्यानात ठेवा.

पुढे गंमत झाली. ज्या मुंबईची नक्कल मालेगावाने केली, त्याच मुंबईने 2025 मध्ये रीमा कागती यांच्या दिग्दर्शनाखाली 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' काढला. आता मुंबईचे नट मालेगावकरांची नक्कल करीत होते.

आज तुमच्यापैकी पुष्कळांच्या हातात जो मोबाईल आहे, तसला कॅमेरा नासिर यांना तेव्हा स्वप्नातही मिळाला नसता. त्यावर तुम्ही काय काढता? मुंबईच्या गाण्यावर मुंबईचा नाच! अरे, पहाटे मोगरा तोडणारी माणसे आपल्या तालुक्यात आहेत. नांदेडहून येणारी गाडी इथून आदिलाबादकडे वळते. त्या जंक्शनावर दिवसभर बसून पाहा, कोण उतरतो, कोण चढतो. त्यासाठी ना घोडा लागतो, ना क्रेन.

एक गोष्ट मात्र फाळक्यांनाही जमली नाही आणि मालेगावालाही नाही. 'राजा हरिश्चंद्र'साठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. मालेगावातही नायिका बाहेरगावाहून आणावी लागली. अर्धे गाव पडद्याबाहेरच राहिले. तेव्हा चालकांना विनंती अशी की, एखाद्या रविवारी तो माहितीपट इथे दाखवावा, पालकांना बोलवावे, आणि नंतर शाळेतर्फे कॅमेरा द्यायचा झाल्यास पहिल्यांदा तो नववीच्या मुलींच्या हाती द्यावा. त्या काय टिपून आणतात ते पाहायला मी पुन्हा मुदखेडला येईन.