भातखाचरांतील अदृश्य शत्रु

आषाढाचा पाऊस लागला कीं सह्याद्रीच्या कुशींतील मावळाचें रूपच पालटतें. आंदर, नाणे आणि पवन या तिन्ही मावळांत खाचरें तुडुंब भरतात; चिखलणी होते आणि डोक्यावर इरलीं घेतलेल्या स्त्रीपुरुषांच्या रांगा दिवसभर वांकून भाताची लावणी करतात. त्याच दिवसांत पुण्यामुंबईची मंडळी भिजण्याच्या हौसेनें लोणावळ्यास लोटतात. एकाचे पाय पाण्यांत असतात ते पोटासाठीं, दुसऱ्याचे मौजेसाठीं. परंतु पावसाळी पाण्यांत व चिखलांत तग धरणारा लेप्टोस्पायरा नांवाचा जंतु हा भेद जाणत नाहीं.

हा जंतु मळसूत्रासारखा पिळदार असून मनुष्याच्या केसाहून शेंकडों पटींनीं बारीक असतो. उंदीर, घुशी, गुरें, डुकरें यांच्या मूत्रपिंडांत तो ठाण मांडतो आणि मूत्रावाटे पाण्यांत उतरतो. उंदराला त्याची फारशी बाधा होत नाहीं. मनुष्याला मात्र होते. सन १८८६ मध्यें वाइल या जर्मन वैद्यानें तापासह होणाऱ्या विशिष्ट काविळीचें वर्णन केलें आणि १९१५ सालीं इनादा व इदो या जपानी संशोधकांनीं तिचें मूळ असलेला जंतु शोधून काढला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या रस्त्यांवर तुंबलेल्या पाण्यांतून चाललेल्या अनेकांना पुढील आठवड्यांत हाच रोग जडला.

धड त्वचा या जंतूला सहसा आंत येऊं देत नाहीं. परंतु लावणी करणाऱ्याच्या पायांना भेगा असतात, बोटांना कापलेलें असतें आणि सतत भिजून कातडी मऊ पडलेली असते. डोळे व तोंड यांतील नाजूक त्वचेवाटेंहि जंतूचा प्रवेश होतो. तथापि आंत शिरणें निराळें आणि आंत टिकणें निराळें. रक्ताच्या वाहत्या प्रवाहांत त्याला कशाचा तरी आधार पाहिजे. हा आधार त्याला त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनें मिळवून देतात.

मनुष्याच्या शरीरांतील पेशी फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन, लॅमिनिन अशा द्रव्यांच्या जाळ्यांत बसविलेल्या असतात. घराच्या विटा चुन्यानें जोडाव्या तशी ही योजना असते. लेप्टोस्पायराच्या अंगावर ‘लिग’ नांवाचीं लांब प्रथिनें असतात. एकासारखे एक असे बारा-तेरा मणी ओंवावे, तशी त्यांची घडण असते. हीं प्रथिनें नेमकी याच द्रव्यांना जाऊन चिकटतात. विशेष असें कीं, गोड्या पाण्यांत असतांना जंतु तीं फारशीं तयार करीत नाहीं. शरीरांत शिरल्यावर भोंवतालीं क्षारांचें प्रमाण वाढतें, आणि त्या खुणेसरशी लिग प्रथिनांचें उत्पादनहि वाढतें, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. पाण्यांत राहणाऱ्या त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदांपाशीं हीं प्रथिनें नसतात.

चिकटण्यापुरतेंच हें कौशल्य नाहीं. रक्तांत परकीय जंतूंचा नाश करणारा एक प्रथिनसमूह सदैव फिरत असतो. त्याचा मारा शरीराच्या स्वतःच्या पेशींवर होऊं नये म्हणून ‘फॅक्टर एच’ नांवाचें दुसरें प्रथिन त्याला आवरून धरतें. लेप्टोस्पायरा हा फॅक्टर एच आपल्या अंगावर ओढून घेतो आणि पहारेकऱ्यांना घरचाच माणूस भासतो. त्याचप्रमाणें रक्ताच्या गुठळ्या विरघळविणारें प्लाझ्मिनोजेन तो पकडून ठेवतो. शरीरांतीलच द्रव्यांनीं तें कार्यक्षम झालें कीं आजूबाजूच्या उतींतून वाट काढणें त्याला सोपें जातें. म्हणजे कुलूप घरचें आणि किल्लीहि घरचीच!

श्रोत्यांच्या मनांत सहज येईल कीं, असें एखादें प्रथिन निकामी केलें म्हणजे काम झालें. शास्त्रज्ञांनींहि तें करून पाहिलें. २००८ सालीं एक लिग प्रथिन नसलेला जंतु तयार करण्यांत आला, तरी त्याचा मारकपणा कायम राहिला. २०१५ सालीं दोन लिग प्रथिनांचें उत्पादन एकाच वेळीं रोखल्यावर मात्र तो नाहींसा झाला. एका हाताचें काम दुसरा हात करतो, असाच याचा अर्थ. या जंतूचे अडीचशेंहून अधिक उपप्रकार आहेत आणि एकावरची लस दुसऱ्यावर बहुधा चालत नाहीं. रोगकारक प्रकारांत लिग प्रथिनें बरींच सारखीं असल्यामुळें त्यांपासून व्यापक लस बनविण्याचे प्रयत्न चालले आहेत.

लस हातीं येईपर्यंत खरें संरक्षण जंतु चिकटण्यापूर्वींच करावें लागतें. या रोगाचा आरंभ फसवा असतो. पाण्याशीं संबंध आल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांनीं ताप, डोकेदुखी, डोळ्यांची लाली आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना होतात. लावणीच्या धांदलींत पाय दुखले तर त्यांत नवल तें काय, असें म्हणून घरचीं माणसें तें अंगावर काढतात. कावीळ दिसूं लागेपर्यंत मूत्रपिंडांना इजा होऊं लागलेली असते. वास्तविक पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखीं औषधें आरंभींच मिळाल्यास रोगी बहुधा बरा होतो. म्हणून पावसाळ्यांत ताप आलेल्यानें डॉक्टरांना नुसता ताप सांगून थांबूं नये. आपण कोणत्या पाण्यांत, केव्हां उभे होतों, तेंहि सांगावें.

खाचरांत उतरतांना जखमा झांकणें, शक्य तेथें गुडघ्यापर्यंतचे बूट वापरणें, काम संपल्यावर स्वच्छ पाण्यानें व साबणानें पाय धुणें आणि धान्याच्या कोठारांतील उंदीर आवरणें हे उपाय साधे आहेत. मावळांतला सुवासिक तांदूळ शहरांतील घरोघरीं शिजतो. तो पिकविणाऱ्याच्या पायांची काळजी ही एकट्या मावळाचीच आहे, असें त्या घरांनीं समजूं नये.