सारखे काम, सारखे दाम
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करणे हे माझे काम. ‘त्यात अभ्यास कसला? घरचे आवरून सातची गाडी पकडली की कळते सगळे!’ असे आपल्या जोगेश्वरीतल्या भगिनी मला म्हणतात. खरे आहे. पण सोसणे निराळे आणि कागदावर मांडून दाखविणे निराळे. मालकापुढे आणि न्यायालयापुढे उपयोगी पडते ते दुसरे.

आपल्या मुंबईचेच पाहा. येथील एका कंपनीत पॅकिंग खात्यातील मुलीने लग्न केले की तिची नोकरी संपे. ‘लग्न झालेल्या बायका खाडे फार करतात’ ही मालकांची सबब. कामगार संघटनेने तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मुलाबाळांमुळे खाडे होतात म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेचेही तेच होणार, हे न्यायालयाने दाखवून दिले. १९६५ साली तो नियम गेला.

पुढे १९७४ साली प्रा. नीरा देसाई यांनी एस. एन. डी. टी. विद्यापीठात स्त्रियांविषयीच्या संशोधनाचे केंद्र उभे केले. स्त्रीचे श्रम हाही विद्यापीठात अभ्यासण्याचा विषय आहे, हे तोवर पुष्कळांच्या गावीही नव्हते.

१९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. तरी मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री-स्टेनोग्राफरना पुरुषांहून कमी पगार मिळे. युनियनशी झालेल्या करारातच तसे होते! एका बाईंनी दाद मागितली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. करार झाला आहे, कंपनीला परवडत नाही, यांपैकी एकही सबब चालली नाही. दोन्ही पगारांचे आकडे शेजारी शेजारी मांडता आले, म्हणून हे घडले.

आपण मात्र आकडा सांगायला संकोचतो. घरी काम आणून डझनावर मजुरी घेणाऱ्या दोघी शेजारणी एका भिंतीआड राहतात. पण एकीचा भाव दुसरीला ठाऊक नसतो. देणाऱ्याचे त्यात फावते.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने एक वही घालावी. तीत प्रत्येकीने काम, तास आणि मजुरी लिहावी. नाव लिहू नये. पुढच्या वर्धापनदिनी ती सर्वांसमक्ष वाचावी. माझा अभ्यास म्हणजे याहून फार वेगळे काही नाही.