जुन्या ट्रॅक्टरची किंमत कशी करावी?

(गोवंडीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळजण पोटासाठी इकडे आलात, पण शेत अजून गावाकडेच आहे. गावाहून निरोप येतो, "आजोबांचा ट्रॅक्टर गोठ्यामागं पडून आहे. भंगारवाला पैसे घेऊन दारात उभा आहे. देऊन टाकू का?" याला काय उत्तर द्यावे, त्याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत लोखंड कसे तोलतात, हे तुम्ही रोज बघता. पत्रा असो, पाइप असो, काट्यावर चढला की सगळा माल सारखाच. ट्रॅक्टरही असा तोलता येतो. पण ती त्याची सर्वांत कमी किंमत झाली. ट्रॅक्टरला किमती तीन असतात. एक लोखंडाची, दुसरी कामाची आणि तिसरी हौसेची. विकणाऱ्याला तिन्ही माहीत नसतात, म्हणून तो फसतो.

आधी लोखंडाची किंमत काढू. राखाडी रंगाचा जुना छोटा फर्ग्युसन साधारण ११०० किलो भरतो. भंगाराचा भाव सारखा बदलतो. हिशेबापुरता किलोला ३० रुपये धरू. म्हणजे ३३,००० रुपये झाले. याच्याखाली कोणी मागितला तर सौदाच नको. आणि सगळे वजन लोखंडाचे नसते बरं का. जुन्या रेडिएटरमध्ये तांबे-पितळ असते. स्टार्टर आणि डायनामो यांत तांब्याची तार असते. बॅटरीत शिसे असते. या वस्तूंचा भाव लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. त्या वेगळ्या काढून वेगळ्या विका. उलट, मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेले असेल, तर भंगारवाला ते वजा करणार. त्यात त्याची चूक नाही.

आता कामाची किंमत. विकणारे असा की घेणारे, आमच्या मते हीच खरी बघायची.

ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा आधी इंजिनला हात लावा. ते गरम लागले, तर समजा की तुम्ही येण्याआधीच कोणीतरी चालू करून ठेवले होते. इंजिन थंड होऊ द्या, मग चालू करायला सांगा. थंड इंजिन किती कुरकुरते, त्यावरून पुष्कळ कळते. मग धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर निघाला तर चालेल. तो थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेडखालचे गॅस्केट गेले असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, रिंगा आणि लायनर झिजले. ओझे नसताना काळा धूर येत असेल, तर डिझेल नीट जळत नाही. इंजेक्टर, पंप किंवा हवेची जाळी तपासावी. ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे. अशा ट्रॅक्टरला बयाणा देऊ नका.

नंतर लिफ्टला नांगर जोडा. नांगर उचलून धरा आणि जरा थांबा. तो आपोआप भराभर खाली आला, तर लिफ्टमध्ये काम आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवा. खडखडले तर किंगपिन आणि बुश गेले. गिअर नुसते उभ्या ट्रॅक्टरवर बघू नका. शेतात ओझे लावून चालवा; गिअर निसटत असेल तर तिथेच कळेल. मीटरवरचे तास बघा, पण त्यांच्यावर विसंबू नका. मीटर बदलता येते. ताज्या रंगावर तर मुळीच भाळू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, तिथे बोटाने चाचपा. वेल्डिंगची रेघ रंगाखाली लपत नाही.

मग हिशेब मांडा. समजा, असाच चालू ट्रॅक्टर तुमच्या तालुक्यात दोन लाखांना जातो. तुमच्या मिस्त्रीने इंजिनचे काम ६० हजार सांगितले आणि मागचे टायर ४० हजार. मग या ट्रॅक्टरला एक लाखाच्या वर देऊ नये. मिस्त्री मात्र तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको.

आणखी एक गोष्ट. सुटे भाग मिळतात का? कांदिवलीचा कारखाना तुम्ही ऐकला असेल. १९६३ साली महिंद्रा आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर आपल्याकडे बनू लागला. महिंद्रा कंपनी आजही चालू आहे. एचएमटीचे तसे नाही. त्यांनी १९७१ साली झेटरच्या मदतीने ट्रॅक्टर काढले, शेतकऱ्यांनी ते नावाजले, पण २०१६ साली सरकारने तो कारखाना बंद करायचे ठरवले. म्हणून घेण्याआधी तालुक्याच्या दुकानात जाऊन विचारा, याचा पिस्टन मिळेल का? दुकानदार खरे काय ते सांगेल.

हौसेची किंमत आम्ही शेवटी घेतली, कारण तिच्या नादी लोक फार लागतात. जुने म्हणजे दुर्मिळ, असे नव्हे. तो फर्ग्युसन इंग्लंडात १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त बनला. फरीदाबादचा आयशर १९५९ साली निघाला. त्या पहिल्या वर्षांतला एखादा मूळ अवस्थेत असेल, तर हौशी माणूस लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त देईल. पण त्याला मूळ भाग हवे असतात. नंबराची पट्टी, मूळ सीट, मूळ दिवे, जुनी खरेदीची पावती. म्हणून विकायच्या आधी रंग देऊ नका आणि पेटीतली जुनी हत्यारे फेकू नका. असे गिऱ्हाईक मात्र आपल्याकडे थोडे. त्याची वाट बघत ट्रॅक्टर पावसात कुजवू नये.

आता कागद. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर लावून बघा. तुम्ही आता वाचायला शिकलात, दुसऱ्याला वाचायला सांगू नका. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. जमीन तारण असेल तर सातबाऱ्यावरही बघा. कर्ज फिटले असले तरी बोजा आपोआप उतरत नाही, बँकेचा दाखला आणावा लागतो. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती नवी करून घ्यावी लागते.

मालक वारला असेल तर? सासऱ्यांच्या नावावरचा ट्रॅक्टर सुनेला परस्पर विकता येत नाही. आरटीओत ३१ नंबरचा फॉर्म भरून तो आधी वारसाच्या नावावर करावा लागतो. विकताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. "नाव नंतर बदलू" असे घेणारा म्हणाला, तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे की, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते. पैसे हातात आले, ट्रॅक्टर गेला, आणि वर्षभराने कोर्टाची नोटीस तुमच्याच दारात येईल. म्हणून फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि आरटीओची पावती घरात जपून ठेवा.