बारा चित्रांचा माइल्स



सुपरहिरोचा चित्रपट म्हटलं की आपल्यातली बरीच जाणती मंडळी ‘पोरांचं आहे’ म्हणून विषय बदलतात. मी आज अशाच एका चित्रपटावर बोलणार आहे, आणि तो मला गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या कलाकृतींपैकी एक वाटतो. डिसेंबर २०१८ मध्ये आलेला ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’. बॉब पर्सिकेटी, पीटर रॅम्झी आणि रॉडनी रॉथमन अशा तिघांनी तो दिग्दर्शित केला. पुढच्याच फेब्रुवारीत त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली निर्माण केलेला पीटर पार्कर सगळ्यांना ठाऊक आहे. इथला नायक मात्र माइल्स मोरालेस. कॉमिकमध्ये तो २०११ साली आला. ब्रुकलिनचा मुलगा, वडील कृष्णवर्णीय पोलीस, आई पोर्तोरिकन परिचारिका. त्या काळ्या मुलाच्या चेहऱ्यावर मुखवटा चढला, ही घटना मोठीच होती आणि तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं. मला बोलायचंय ते त्याच्या चालण्याबद्दल.

सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पडद्यावरून सरकतात. संगणकावरच्या अ‍ॅनिमेशनमध्ये साधारणपणे प्रत्येक चित्रागणिक पात्र थोडं थोडं हलतं, म्हणून हालचाल लोण्यासारखी मऊ दिसते. या चित्रपटाच्या मंडळींनी बऱ्याच ठिकाणी एक पवित्रा दोन-दोन चित्रं तसाच ठेवला. म्हणजे सेकंदाला बाराच पवित्रे. हालचाल जराशी अडखळते, पण प्रत्येक पवित्रा डोळ्यांत ठसतो. वेगाने जाणाऱ्या वस्तूमागचा नेहमीचा पुसटपणाही त्यांनी काढून टाकला. स्वस्त कागदावरच्या जुन्या कॉमिकमध्ये दिसायचे ते ठिपके आणले, छपाईत रंग रेषेबाहेर सरकायचा ती चूकसुद्धा मुद्दाम आणली. चेहऱ्यांवरच्या रेषा चित्रकारांनी हाताने ओढल्या.

आता बर्फाळ जंगलातला तो पळापळीचा प्रसंग आठवा. माइल्सला नुकतीच शक्ती मिळाली आहे आणि ती त्याच्या ताब्यात नाही. सोबत दुसऱ्या विश्वातून आलेला, पोट सुटलेला, संसार मोडलेला पीटर आहे; पण त्याला हे काम पाठ आहे. झाडांवरून झोके घेताना पीटर सेकंदाला २४ पवित्र्यांनी हलतो, माइल्स बाराने. एकाच चौकटीत दोन वेग! धडपडणारं पोर आणि मुरलेला माणूस यांतलं अंतर सांगायला एकही संवाद खर्ची पडत नाही. मग माइल्सला झोक्याची लय सापडते आणि दोघं सोबत सरकू लागतात. प्रेक्षागृहात हे गणित कुणी मांडत नाही. पण पोराला जमलं, एवढं सगळ्यांना उमगतं.

लोक या चित्रपटाला इतका जीव का लावतात, याचं माझं उत्तर या जंगलात आहे. शक्ती चावऱ्या कोळ्याकडून फुकट मिळते. ती वापरणं शिकावं लागतं, आणि इथे ते शिकणं चित्राच्या अंगातच उतरलं आहे. पुढे माइल्स उंच इमारतीवरून उडी घेतो तेव्हा काच फुटून त्याच्या बोटांना चिकटून येते. तो घाबरलेला आहे, भिंत अजून सुटत नाहीये, तरी उडी घेतो. कॅमेरा उलटा आहे, त्यामुळे खाली पडणारा माइल्स आपल्याला वर चढताना दिसतो. आधी तो अडखळताना पाहिलेला असतो, म्हणूनच त्या क्षणी घसा दाटतो.

२०२३ चा दुसरा भाग ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात मराठीसह दहा भाषांत आला. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं ‘मुंबॅटन’ आहे, आणि तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर. त्या शहराचे रंग ठरवताना चित्रकारांनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ समोर ठेवली होती. त्यातल्या वेताळाच्या गोष्टींवर वाढलेल्यांना ती छपाई लगेच ओळखू येईल. तो भाग मी आनंदाने पाहिला. पण एक सांगितलंच पाहिजे. पवित्र येतो तोच तरबेज होऊन, हसत-खेळत, सगळं सोपं असल्यासारखा. त्याचा पहिला चुकलेला झोका आपल्याला दिसतच नाही. माइल्सला जे जंगल मिळालं, तसं काही त्याच्या वाट्याला आलेलं नाही. तो देखणा आहे, लाडका आहे. पण माइल्ससाठी जसा जीव खालीवर झाला, तसा त्याच्यासाठी माझा झाला नाही.