जर्मन भाषेच्या उंबरठ्यावर

(शिरूर कासार, जि. बीड येथे विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सिंदफणेच्या काठावरील या गावात जर्मन भाषेविषयी व्याख्यान व्हावे आणि त्याला पालकांनीही आवर्जून यावे, हे वीस वर्षांपूर्वी सांगितले असते तर कुणाला खरे वाटले नसते. आज त्याचे नवल राहिलेले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. रुग्णसेवा, वाहनचालन, वीजजोडणी, आतिथ्य अशा कामांसाठी माणसे हवीत आणि त्यांना जर्मन यावी, असे त्याचे स्वरूप. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांना वर्षाकाठी द्यावयाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांत एक प्रश्न विचारला जातो आहे : आमच्या मुलाला, आमच्या मुलीला ही भाषा येईल का?

हा प्रश्न इथे विशेष मोलाचा आहे. दसरा झाला की या तालुक्यातली गावे ओस पडू लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपण ‘कोयता’ म्हणतो आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. माणसाचे नाव जाऊन त्याच्या हातातल्या हत्याराचे नाव त्याला चिकटले, इतके ते काम त्याच्या आयुष्यात शिरले. अशा घरातला मुलगा परदेशी भाषेचे पुस्तक उघडतो, तेव्हा त्याच्यासोबत त्याच्या आईवडिलांचे पुढचे हंगामही त्या पुस्तकाकडे डोळे लावून बसलेले असतात. म्हणून या भाषेची भीती किती खरी आणि किती खोटी, हे नीट पाहिले पाहिजे.

ओळखीच्या खुणा

जर्मन अवघड, असे सर्वत्र सांगितले जाते. हा समज बहुतेक इंग्रजांच्या अनुभवावरून आला. इंग्रज माणसाला जे अवघड वाटते, ते मराठी माणसाला तितके अवघड वाटण्याचे कारण नाही.

पहिली तक्रार असते लिंगांची. जर्मनमध्ये तीन लिंगे. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. यात तर्क कोणता, असे इंग्रज विचारतो. पण आपल्या ताटाकडे पाहा. तो भात, ती भाकरी, ते वरण. यात तरी कोणता तर्क आहे? हिंदीत दोनच लिंगे उरली, मराठीने तिन्ही जपली. त्यामुळे शब्दासोबत त्याचे लिंग पाठ करण्याची सवय आपल्या जिभेला जन्मापासून आहे. जर्मन ‘मेटशेन’ म्हणजे मुलगी. हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि त्यावरून जगभर थट्टा होते. त्याचे कारण साधे आहे. शब्दाला ‘शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की तो नपुंसकलिंगी होतो. आपल्या गोठ्यात हाच न्याय दिसतो. गाय ती, बैल तो. वासरू मात्र ते. कोकरू ते, करडू ते, पाखरू ते, आणि घरातले लेकरूही ते. कोकणीत तर लहान मुलीसाठी ‘चेडूं’ हा नपुंसकलिंगी शब्दच आहे. ज्याला लेकरू कळले, त्याला मेटशेन कळायला वेळ लागू नये.

दुसरी तक्रार संख्यांची. पंचवीस म्हणताना जर्मन माणूस आधी पाच म्हणतो आणि मग वीस. इंग्रज इथे गोंधळतो. आपणही आधी पाचच म्हणतो : पंचवीस. याहून गमतीचा आहे अडीच हा शब्द. तो संस्कृतातील ‘अर्धतृतीय’ या शब्दावरून आला. तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. जर्मन माणूस अडीच वाजले हे सांगताना ‘हाल्ब द्राय’ म्हणतो. त्याचाही शब्दशः अर्थ ‘अर्धे तीन’. हजारो कोसांवरच्या दोन भाषांनी मोजण्याची एकच रीत धरली.

पण सावध राहिले पाहिजे ते इथेच. ‘हाल्ब फिअर’ ऐकून घाईने साडेचार समजणारा तरुण कामावर पूर्ण एक तास उशिरा पोहोचेल, कारण त्याचा अर्थ साडेतीन. बाडेन-व्युर्टेंबर्गच्या श्वाबी मुलखात तर ‘फिर्टेल फिअर’, म्हणजे ‘पाव चार’, असेही म्हणतात. ते असतात सव्वातीन. ‘पाऊण चार’ म्हणजे पावणेचार. पाठ्यपुस्तकातली जर्मन आणि गल्लीतली जर्मन यांत अंतर असते; पुण्याची मराठी आणि शिरूरची मराठी यांत असते तसेच.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. जर्मन उपवाक्यात क्रियापद अगदी शेवटी येते. काही क्रियापदांचा तर तुकडा पडतो आणि उरलेला अर्धा भाग वाक्याच्या टोकाला जातो. दार उघडायचे की लावायचे, हे शेवटच्या अक्षरावरून कळते. आपलेही क्रियापद शेवटीच असते आणि ‘नाही’ त्याच्याही नंतर. समोरच्याचे वाक्य पुरते होऊ देणे ही या दोन्ही भाषांची गरज आहे.

‘जेवला नाहीस ना अजून?’ असे कुणी विचारले तर आपण म्हणतो, ‘जेवलो की!’ हा ‘की’ इंग्रजीत आणता येत नाही. जर्मनमध्ये त्यासाठी ‘डॉख’ हा स्वतंत्र शब्द आहे. नकारार्थी प्रश्नाला ठाम होकार देण्यासाठी तो वापरतात.

पूर्वी तिकडून इकडे आलेले

या दोन प्रदेशांतले नाते नवे नाही. कासारांवरून ज्याला नाव मिळाले त्या गावाला हे सांगायला हवे की जर्मन आडनावांतही व्यवसाय नांदतात. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासेमार. आणि पुण्या-मुंबईत ज्यांच्या नावाने जर्मन शिकविणारी संस्था आहे, त्या मॅक्स म्युलर यांच्या आडनावाचा अर्थ दळण दळणारा. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारे हे पंडित भारतात कधीच आले नाहीत.

जे आले, त्यांत मार्टिन हाउग यांची कथा इथल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. हाउग यांचा जन्म १८२७ चा, त्याच व्युर्टेंबर्गमधल्या ओस्टडोर्फ या खेड्यातला, साध्या शेतकऱ्याच्या घरातला. घरात विद्येची परंपरा नव्हती. या शेतकऱ्याच्या मुलाने संस्कृत शिकून घेतले, ट्युबिंगेनच्या विद्यापीठात अध्ययन केले आणि १८५९ मध्ये तो पुण्यात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला. सोमयागाचे विधी केवळ ग्रंथ वाचून कळत नाहीत हे ओळखून त्यांनी ते एका याज्ञिकाकडून प्रत्यक्ष पाहून समजून घेतले आणि १८६३ मध्ये ऐतरेय ब्राह्मण संपादून प्रसिद्ध केले. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पतंजलीचे महाभाष्य संपादित केले.

अलीकडच्या काळातले नाव हायडेलबर्ग विद्यापीठाच्या गुंथर सोन्थायमर यांचे. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांचा शोध घेत ते धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, त्यांच्या ओव्या ऐकल्या, मराठी बोलले. १९९२ मध्ये ते गेले. हायडेलबर्गही बाडेन-व्युर्टेंबर्गमध्येच आहे. इकडून तिकडे गेलेल्यांतही मोठी नावे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये राहून डॉक्टरेट मिळविली.

ही माणसे दुसऱ्याच्या भाषेत शिरली ती काही महिन्यांच्या शिकवणीने नव्हे. त्यांनी वर्षे दिली. आजही रीत तीच आहे. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. रुग्णसेवेसाठी साधारणपणे बी-२ ची पायरी चढावी लागते, प्रशिक्षणासाठी बहुधा बी-१ ची. तीन महिन्यांत बी-२ करून देतो असे कुणी सांगत असेल, तर त्याच्या दारातून परत फिरावे.

व्याकरणापलीकडचे

भाषा आली तरी रोजचे जगणे वेगळे शिकावे लागते. आपल्याकडे नकार सरळ देणे उद्धटपणाचे मानतात. ‘बघू’, ‘करू की’, ‘येतो सवडीने’ यांतला नकार आपल्याला ऐकू येतो. जर्मन माणसाला तो ऐकू येत नाही; त्याने ‘करू’ म्हणजे करू असेच धरलेले असते. उलट तो ‘नाइन’ म्हणाला तर त्यात राग नसतो. जेवताना वाढू का विचारले आणि पाहुणा संकोचाने नको म्हणाला, तर आपल्याकडे आग्रह होतो. तिथे भांडे पुढे सरकते आणि पाहुणा उपाशी राहतो. त्यात माया कमी असते असे नाही; तुमच्या शब्दाला मान दिलेला असतो.

श्वाबी प्रांतात ‘केरवोखे’ नावाची पद्धत आहे. इमारतीतला जिना आणि समोरचा पदपथ झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घरावर येते. पाळी चुकली तर शेजारी बोलून दाखवतात. त्याची मुळे सुमारे पाच शतकांपूर्वीच्या स्टुटगार्टच्या नगर-नियमांपर्यंत जातात. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या महाराष्ट्राला हे परके वाटू नये. फरक इतकाच की तिथे झाडू ज्याच्या त्याच्या हातात येतो. शिक्षण, पगार, जात त्याला विचारत नाहीत.

काही शब्द मात्र आपल्याला सावध करतात. काका, मामा आणि मावशीचा नवरा या सर्वांना आजची जर्मन एकच शब्द वापरते, ‘ओंकेल’. पूर्वी तसे नव्हते. मामाला ‘ओहाइम’, चुलत्याला ‘फेटर’, मावशीला ‘मूमे’, आत्याला ‘बाजे’ असे वेगळे शब्द होते. पुढे फ्रेंचांकडून आलेल्या दोन शब्दांनी ते पुसले. ‘फेटर’ आज उरला आहे तो चुलतभाऊ-मामेभाऊ या अर्थाने. आपल्या शहरांतली मुले सर्वांनाच ‘अंकल-आंटी’ म्हणू लागली आहेत. आत्या आणि मावशी यांतला फरक ज्या मुलाला शब्दात सांगता येत नाही, त्याला तो नात्यात तरी किती दिवस जाणवेल?

कर्ज आणि ऋण

शेवटी एका शब्दाविषयी. जर्मनमध्ये ‘शुल्ट’ म्हणजे अपराध आणि त्याचे अनेकवचन ‘शुल्डेन’ म्हणजे कर्जे. कर्ज आणि अपराध एकाच शब्दात बसले आहेत. आपला शब्द आहे ऋण. त्यातही देणे आहे, पण त्यासोबत कृतज्ञता आहे : देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. आईवडिलांचे ऋण म्हणताना अपराधाची भावना मनात येत नाही.

आणि या जिल्ह्याला तिसरा शब्द ठाऊक आहे : उचल. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, जे फिटेपर्यंत माणसाला दुसरा रस्ता नसतो. जर्मनीच्या नावाने लाखो रुपये मागणारे दलाल आता खेड्यापाड्यांत फिरू शकतात. शेत गहाण टाकून ते पैसे देणे म्हणजे विमानाने जाऊन नवी उचल घेणे होय. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त परीक्षेचेच असावे. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय हे करारात लिहिलेले असावे आणि तो करार जाणत्याकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

जर्मनीलाही एक धडा मिळालेला आहे. १९५५ पासून तिने इटली, पुढे तुर्कस्तान आदी देशांतून कामगार बोलावले आणि १९७३ मध्ये ही भरती थांबविली. त्या कामगारांना म्हणत ‘गास्टआर्बाइटर’, पाहुणे-कामगार. पाहुण्याला कामाला लावणे आपल्याला विचित्रच वाटेल. हे पाहुणे परत जातील असे धरून त्यांना भाषा शिकविण्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. त्यांतले लक्षावधी तिथेच राहिले आणि भाषेवाचून वर्षानुवर्षे समाजाच्या कडेला राहिले. आज भाषेची अट आधी घातली जाते, ती अडचण म्हणून पाहू नये. परक्या देशात डॉक्टरशी, मालकाशी, पोलिसाशी स्वतः बोलता येणे हेच तिथले खरे संरक्षण आहे.

म्हणून पालकांना विनंती आहे. मुलगा असो वा मुलगी, जर्मन शिकायची असेल तर दोन वर्षे द्या. रोज दोन तास, खाडा न करता. मराठी पक्की करून घ्या, कारण जिला स्वतःच्या भाषेतले लिंग, विभक्ती, समास कळत नाहीत, तिला दुसऱ्या भाषेतले कळणार नाहीत. ज्यांना जायचे नाही त्यांनाही ही भाषा पुण्याच्या कारखान्यांत आणि अनुवादाच्या कामात उपयोगी पडेल.

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जर्मन माणूस निरोप घेताना ‘आउफ वीडरझेएन’ म्हणतो, पुन्हा भेट होईपर्यंत. शिरूरमधून जे कुणी जातील, त्यांनी या दोन्ही शब्दांचा अर्थ मनात धरून जावे आणि मागे राहिलेल्या धाकट्यांना चार अक्षरे शिकविण्यासाठी तरी गावाकडे यावे, एवढीच अपेक्षा.